‘शॉर्टसर्किट’ हा निष्कर्ष कुणी काढला?

जुन्या व्हॅनला आग लागली की बातमीत एक वाक्य ठरलेलंच: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ तुम्ही अपघातांवर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर हा अंदाज डेटा म्हणून उचलू नका.

हिंजवडीचं उदाहरण बघा. १९ मार्च २०२५ ला कंपनीच्या मिनीबसला आग लागून ४ कर्मचारी गेले. आधी चर्चा शॉर्टसर्किटचीच होती. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी सांगितलं, की आग चालकानंच रसायन वापरून लावली असा संशय आहे. पहिल्या दिवशीच्या बातम्यांवरून तक्ता भरणाऱ्याने हा प्रसंग ‘विद्युत बिघाड’ या रकान्यात टाकला असता.

आता मेडशीवरून जाणाऱ्या अकोला-वाशिम रस्त्यावरची एखादी जुनी ओम्नी घ्या. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे आता धावणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. इंजिन पुढच्या सीटखाली. आग लागली तर पहिला धूर चालकाच्या बुडाखालून येणार. तिथे कारणं अनेक असू शकतात. पेट्रोलचा रबरी पाइप कडक होऊन तडकतो, क्लिप सैल होते, गळलेलं इंधन तापलेल्या भागावर पडतं. कुणी जादा हॉर्न-लाइट जोडताना फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घातलेला असतो. गॅस किट असेल तर त्याची गळती वेगळीच.

मग पंचनाम्यात वितळलेली तार सापडते आणि सगळे म्हणतात, झालं, शॉर्टसर्किट! पण आग दुसऱ्या कशानेही लागली, तरी वायरचं प्लास्टिक जळतं, तांबं उघडं पडतं आणि तेव्हाही शॉर्ट होतंच. म्हणजे तीच खूण कारणही असू शकते आणि परिणामही.

‘दुसरं काही सापडलं नाही, म्हणून हेच’ हा तर्क आगीच्या तपासात चालत नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए ९२१ या मार्गदर्शिकेनेही २०११ च्या आवृत्तीत तो अवैज्ञानिक ठरवला.

तेव्हा तक्त्यात दोन रकाने ठेवा: ‘सांगितलेलं कारण’ आणि ‘सिद्ध झालेलं कारण’. दुसऱ्यात बऱ्याचदा ‘अनिश्चित’ लिहावं लागेल. गाइडला ते आवडणार नाही कदाचित, पण लिहा. कारण सगळा दोष वायरिंगवर ढकलला, तर तडकलेला पाइप कुणी तपासणारच नाही, आणि पुढची व्हॅन त्याच पाइपने पेटेल.