प्रत्येक मोर्चा ८२चा नसतो

दर जानेवारीत, १८ तारखेच्या आसपास, एक फोटो फोनवर फिरायला लागतो. खाली ओळ असते : ‘१९८२चा गिरणी संप, दुर्मिळ फोटो’. ओला, रुंद रस्ता. टोप्या, धोतरं, लेंगे घातलेली शेकडो माणसं. बऱ्याच जणांच्या काखेत छत्र्या. गर्दीत अडकलेली ट्राम आणि मागे गिरणीच्या फाटकावर पाटी : ‘इंडिया युनायटेड’. फोटो अप्रतिम आहे. खालची ओळ मात्र चूक आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. फाइल कधीची असं कुणी विचारलं की आधी मेटाडेटा उघडून बघायची सवय. इथे त्याचा उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की ती माहिती गळून पडते. शिवाय मूळ फोटो कागदावरचा. मशीनला कळलीच तर स्कॅनची तारीख कळेल. मग हातात उरतं फक्त चित्र. बग शोधताना आपण करतो तेच इथे करायचं : ‘याच्या आधीचं नक्की नाही’ आणि ‘याच्या नंतरचं नक्की नाही’ अशा दोन भिंती उभ्या करायच्या आणि मधली जागा कमी करत जायची.

पहिली भिंत ट्रामची. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली. म्हणजे ८२ इथेच बाद. दुसरी भिंत पाटीची. ससून कुटुंबाच्या गिरण्या विकल्या गेल्या आणि त्यांना ‘इंडिया युनायटेड’ हे नाव मिळालं ते १९४३मध्ये. (दादरच्या ज्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय, ती याच समूहातली सहा नंबरची गिरणी.) म्हणजे फोटो १९४३ ते १९६४ या एकवीस वर्षांतला.

या काळात गिरणगाव रस्त्यावर उतरलं ते काही एकदाच नाही. फेब्रुवारी १९४६मध्ये नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून. १९५०मध्ये बोनससाठी. नोव्हेंबर १९५५ ते जानेवारी १९५६मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी. आता पुन्हा छत्र्यांकडे आणि ओल्या रस्त्याकडे बघा. ४६चा फेब्रुवारी आणि ५५-५६चा हिवाळा, दोन्ही कोरडे महिने. १९५०चा संप मात्र ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. त्यामुळे पारडं १९५०कडे झुकतं. झुकतं, एवढंच. ट्राम हा पक्का पुरावा आहे, छत्री नाही. या एकवीस वर्षांत पावसाळ्यातले इतर मोर्चेही निघालेच असणार. म्हणून मी ओळ लिहिली असती ती अशी : ‘१९४३ ते १९६४, बहुधा १९५०’.

हा ‘बहुधा’ फार महत्त्वाचा आहे. याच फोटोची एआयने रंगवलेली एक आवृत्तीही फिरते. तिच्यात झेंडे ठसठशीत भगवे झालेत. कृष्णधवल फोटोत लालही राखाडी दिसतो आणि भगवाही. रंगवणाऱ्या मॉडेलने अंदाज बांधला, पण अंदाज म्हणून सांगितला नाही. आणि युनियनच्या इतिहासात झेंड्याचा रंग ही सजावट नसते.

‘सालाने काय एवढा फरक पडतो, भावना महत्त्वाची’ असं म्हणणारे भेटतात. फरक पडतो, कारण साल बदललं की गोष्ट बदलते. ८२चा संप आपल्यापर्यंत पोचला तो शोकांतिका म्हणून : अडीच लाख कामगार, कधीच अधिकृतपणे मागे न घेतलेला संप, उद्ध्वस्त घरं, मग मॉल आणि टॉवर. या गोष्टीत दोष देणंही सोपं असतं. दत्ता सामंत हट्टाला पेटले आणि कामगार फरफटत गेले, की झालं.

आता १९५० बघा. तो संप समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने केला. कायद्याच्या लेखी मात्र गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगाला एकच प्रातिनिधिक संघटना ठरवून दिली होती. कामगार ज्यांच्या मागे उभे होते त्यांना वाटाघाटीच्या टेबलावर जागा नव्हती. बत्तीस वर्षांनी, ८२मध्ये, पगारवाढीबरोबर दुसरी मोठी मागणी कोणती होती? हाच कायदा रद्द करा.

म्हणजे आमच्या वतीने कोण बोलणार, हे भांडण सामंतांनी उभं केलेलं नव्हतं. ते त्यांच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर होतं, छत्र्या घेऊन. फोटोखाली ‘१९८२’ लिहिलं की हा सगळा काळ पुसला जातो. उरतो एक नेता, एक हट्ट, एक हार.

माझं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात आहे. खालच्या कॅफेत भिंतभर जुने फोटो लावलेत : साचे, माग, मोर्चे. एकाही फोटोखाली साल नाही. साल नसलं की मोर्चा म्हणजे नुसता ‘व्हिंटेज लूक’ होतो, आणि ती माणसं काय मागत होती हे विचारायची गरजच पडत नाही.

येत्या जानेवारीत हा फोटो तुमच्याकडेही येईल. पुढे जरूर पाठवा. फक्त त्याआधी ती ट्राम बघा, पाटी वाचा आणि खालची ओळ बदला.