कौन्सिलच्या खोलीतलं कथक

परदेशात आपली कला जगली कशी, असं कुणी विचारलं की आपण मोठ्या कलाकारांची, मोठ्या महोत्सवांची नावं घेतो. तो मान त्यांचाच आहे. पण लेस्टरमध्ये राहणाऱ्या आपण या यादीत आणखी एक नाव घालायला हवं. ते नाव सिटी कौन्सिलचं. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उघडणारी साधी खोली आणि सामान्य माणसाला परवडणारी फी, एवढ्या आधारावर या शहरात कथकच्या पिढ्या घडल्या.

हे सहजासहजी झालेलं नाही. ऑगस्ट १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. तेव्हा याच कौन्सिलने तिथल्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने अपुरे आहेत, लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय. तरीही हजारो कुटुंबं आली, कापडगिरण्यांत आणि कारखान्यांत राबली, बेलग्रेव्ह रोडवर त्यांनी दुकानं थाटली. पुढे १९८३पासून त्याच रस्त्यावर दिवाळी जाहीरपणे साजरी होऊ लागली आणि आज तिथली रोषणाई ही साऱ्या शहराची ओळख आहे. ज्या कौन्सिलने आधी दार लावून घेतलं, त्यानेच नंतर आपली सभागृहं, नेबरहुड सेंटरं आणि प्रौढ शिक्षणाचे वर्ग या लोकांच्या कलांसाठी खुले केले. आपली भूमिका बदलायला मोठं मन लागतं. त्याची नोंद आपण कृतज्ञतेने ठेवली पाहिजे.

याच काळात, १९८१मध्ये, नीलिमा देवी यांनी लेस्टरमध्ये ‘सेंटर फॉर इंडियन क्लासिकल डान्स’ सुरू केलं. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, पंडित सुंदरलाल गंगाणी यांच्याकडे झालेलं. त्यांनी रंगमंचावर नृत्य केलंच, पण शाळाशाळांतून फिरून गुजराती, पंजाबी, इंग्रज अशा सगळ्या मुलांपुढे कथक नेलं. एमबीई हा किताब त्यांना मिळाला तो या दीर्घ सेवेसाठी.

बडोद्याचं नाव इथे यावं याचा मराठी माणसाला विशेष आनंद वाटतो. सयाजीराव गायकवाडांनी १८८६मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. घराण्याबाहेरच्या सामान्य माणसालाही शाळेत जाऊन, नोटेशनच्या आधारे संगीत शिकता यावं, ही त्यामागची दृष्टी. दरबाराच्या पैशातून प्रजेसाठी कलेचा वर्ग चालवायचा, हा विचार त्या काळी क्रांतिकारकच होता. बडोद्यातल्या संगीत-नृत्याच्या शिक्षणाची पाळंमुळं त्या शाळेपर्यंत पोचतात. लोकांच्या पैशातून लोकांना कला शिकवणारं लेस्टरचं कौन्सिल त्याच वाटेने चाललं आहे.

या वाटेवरून माणूस कुठवर जाऊ शकतो, हे नर्तक आकाश ओदेद्रा यांनी दाखवून दिलं. त्यांचे सुरुवातीचे धडे नीलिमा देवींकडचे. पुढे मुंबईत ‘अर्चना नृत्यालय’ स्थापन करणाऱ्या आशा जोगळेकर यांचंही मार्गदर्शन त्यांना लाभलं. आज त्यांची नृत्यसंस्था लेस्टरमध्येच आहे आणि तिचे प्रयोग जगभर होतात.

पण प्रत्येकाने आकाश व्हावं म्हणून हे वर्ग नसतात. संध्याकाळी अशा एखाद्या वर्गात जाऊन बसावं. आधीचा व्यायामाचा वर्ग नुकताच आटोपलेला असतो. आलेले विद्यार्थी खुर्च्या एकात एक रचून भिंतीला लावतात आणि घुंगरांच्या दोऱ्या घोट्याभोवती घट्ट गुंडाळतात. नमस्कार होतो, तत्कार सुरू होतो. आठ वर्षांची मुलगी, दिवसभराची पाळी संपवून आलेली नर्स, निवृत्त इंग्रज शिक्षिका, सगळ्या एका रांगेत. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची, नववी खाली. दुगुनीत कुणाचा पाय चुकतो. बाई सगळ्यांचे पाय थांबवतात आणि हातावर ताल देत आधी बोल म्हणायला लावतात. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ ही पढंत लेस्टरच्या उच्चारांत होते, पण सम बरोबर सापडते. तोंडात बसलेलं हळूहळू पायात उतरतं. पुन्हा तत्कार सुरू होतो तेव्हा सगळ्या घुंगरांचा एकच आवाज येतो. असा एकसारखा आवाज महोत्सवाच्या आदल्या रात्री जमवता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं, दर आठवड्याला तीच खोली उघडी असावी लागते.

ती उघडी राहील याची आज खात्री नाही. २०१०नंतर इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या सरकारी अनुदानाला मोठी कात्री लागली. वृद्धांची आणि मुलांची देखभाल ही कायद्याने बंधनकारक कामं असल्याने उरलेला बराचसा पैसा तिकडे जातो. कलेचे वर्ग ऐच्छिक ठरतात, म्हणून काटकसरीत आधी त्यांच्यावर गदा येते. विद्यार्थी पुरेसे नसले तर वर्ग सुरूच होत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना कळकळीची विनंती. सप्टेंबरमध्ये नव्या सत्राची यादी निघेल, तेव्हा ती आवर्जून पाहा. मुलांचं नाव घाला, जमलं तर स्वतःचंही घाला. शेजारच्या इंग्रज, पोलिश, सोमाली कुटुंबांनाही सांगा. एखादं नेबरहुड सेंटर बंद करण्याबद्दल कौन्सिलने लोकांची मतं मागवली तर दोन ओळी का होईना, उत्तर जरूर पाठवा. आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला भेटा. आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना रंगमंच द्या आणि सूत्रसंचालनात ते कुठे शिकले हेही सांगा. कलाकारांना आपण टाळ्या देतोच. आता त्यांना घडवणाऱ्या वर्गांचा पट भरलेला ठेवण्याची जबाबदारीही आपण घेऊ या.