आंगऱ्यांची गुराब : एक गुणदोषपरीक्षा

आंगऱ्यांच्या आरमाराविषयीं बोलणारांचे सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एकाच्या मतें त्या आरमाराला पृथ्वीवर तोड नव्हती. दुसऱ्याच्या मतें मराठ्यांचीं जहाजें हलकीं व तोफा लहान, म्हणूनच इंग्रजांच्या भारी जहाजांपुढें त्यांचा टिकाव लागला नाहीं. पहिला पक्ष व्याख्यानांतून ऐकूं येतो, दुसरा शाळेच्या वर्गांतून. आम्हीं स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ हें दुसरें मत विद्यार्थ्यांस सांगितलें, आणि आधार म्हणून इ. स. १७५६ मधील विजयदुर्गचा पाडाव पुढें केला. तो आधार कितपत भक्कम आहे, हें पाहण्याची बुद्धि तेव्हां झाली नाहीं. ती चूक आतां दुरुस्त करणें हें आमचें कर्तव्य आहे.

निमित्त मात्र क्षुल्लक घडलें. कोराडीस समुद्र नाहीं. जगदंबेच्या देवळालगतचा तलाव हाच आमचा सागर. तरी आमचा नातू घरीं बसून संगणकावर नौकायुद्धाचा खेळ खेळतो, आणि त्यांत प्रत्येक नौकेच्या चिलखतास, तोफांस व वेगास अंक दिलेले असतात. त्याची आवडती नौका ‘नासाऊ’ ही जर्मन ड्रेडनॉट. इ. स. १९०९ मध्यें सेवेंत दाखल झालेल्या या नौकेवर २८ सेंटिमीटर तोंडाच्या १२ तोफा सहा बुरुजांत होत्या. पण चार बुरूज दोन्ही बगलांस वांटल्यामुळें एका बाजूस एका वेळीं ८ च तोफा चालत. उलट शत्रु दोहों बाजूंनीं आला, तर हीच मांडणी उपयोगाची. दोष आणि गुण एकाच रचनेच्या पोटीं जन्मले होते. हें सांगत असतां नातवानें विचारलें, “आजोबा, आंगऱ्यांच्या गुराबेला किती गुण द्याल?” जन्मभर गुण देण्यांत गेला, पण या उत्तरपत्रिकेवर लेखणी अडली.

गुराब हा शब्द अरबी. त्याचा अर्थ कावळा. तिच्या बांधणीचें जें वर्णन सर्वत्र उद्धृत होतें, तें रॉबर्ट ऑर्म याच्या इ. स. १७६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इतिहासांतील होय. त्याप्रमाणें दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत व तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या सुमाराची असे. लांबीच्या मानानें ती रुंद असून तिला पाणी थोडें लागे. नाळ पुढें निमुळती निघालेली व वरून उघडी असे, म्हणजे तीवर चढलेलें पाणी आपोआप वाहून जाई. नाळेच्या रोखानें ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा, आणि बगलांस ६ ते ९ पौंडी. सोबतीचीं गलबतें ७० टनांच्या आंतलीं, ४०-५० वल्ह्यांचीं. वारा पडला कीं तीं गुराबांस ओढून नेत.

ही साक्ष किती घ्यावी? ऑर्म कंपनीचा नोकर. त्यास आंगऱ्यांची स्तुति करण्याचें कारण नव्हतें. म्हणून त्यानें सांगितलेले गुण निःशंकपणें घ्यावे. परंतु एकेका गलबतावर दोनतीनशें हत्यारबंद लोक असत असें जें तो म्हणतो, तें त्यानेंच दिलेल्या मापाशीं जुळत नाहीं. ७० टनांच्या आंतील होडींत इतके लोक कोंबल्यावर वल्हीं मारावयास जागा कोठें राहील? शत्रूची संख्या फुगली म्हणजे आपला जय मोठा दिसतो, हें बखरींच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय हें वर्णन तुळाजीच्या काळचें आहे. तें शिवकालीन गुराबेस जसेंच्या तसें लावणें, हाही एक रूढ झालेला दोष होय.

आतां गुण पाहूं. थोडें पाणी लागत असल्यामुळें भारी जहाजांस जेथें प्रवेश नाहीं, अशा खाडींत गुराब शिरे. शत्रूच्या पिछाडीस राहून नाळेच्या तोफांनीं आधीं त्याच्या डोलकाठ्या पाडाव्या, तो पांगळा झाल्यावर जवळ जाऊन घेरावें, अशी तिची रीत. इ. स. १७५४ च्या फेब्रुवारींत ५०, ३६ व १८ तोफांचीं तीन डच जहाजें तुळाजीच्या आरमारानें गांठलीं. दोन जाळलीं, तिसरें धरलें. हलक्या तोफांनीं हें साधलें, कारण शत्रूची बगल टाळून त्या डागल्या होत्या.

दोषही याच रचनेचे. निमुळत्या नाळेमुळें समोरच्या लाटांत गुराब फार आपटे. हलक्या बांध्यास भारी तोफांचा भार व धक्का सोसत नसे, म्हणून बगलेस बगल देऊन लढणें तिला वर्ज्य. तिच्या वेगाचेंही स्तोत्र गाऊं नये. इ. स. १७५५ मध्यें सुवर्णदुर्गाजवळ जेम्सनें पाठलाग केला, तेव्हां गुराबांवरील लोकांनीं जड सामान समुद्रांत टाकलें, वस्त्रें व पागोटीं देखील वाऱ्यास धरलीं. तरी ‘प्रोटेक्टर’ हें ४४ तोफांचें जहाज तोफेच्या टप्प्यांत आलें, आणि संध्याकाळ झाली म्हणूनच तो नाद सोडून परतलें. पहिल्या पक्षानें हा प्रसंग विसरूं नये.

आतां मुख्य प्रश्न. नैयायिकांच्या रीतीनें अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळले, तरच कारण सिद्ध होतें. जहाजांचा हलकेपणा हें पराभवाचें कारण म्हणावें, तर इ. स. १७५४ मध्यें तोच हलकेपणा असतां जय झाला. म्हणजे हा हेतु व्यभिचारी ठरला. आणि इ. स. १७५६ मध्यें काय घडलें? तुळाजी पेशव्यांच्या छावणींत गेलेला. जमिनीकडून पेशव्यांची फौज, समुद्राकडून वॉटसनचा ताफा. ता. १२ फेब्रुवारी रोजीं गुराबा किल्ल्याच्या आश्रयास एकमेकींस बांधून उभ्या होत्या. उखळी तोफेचा एक कुलपी गोळा ‘रिस्टोरेशन’ या पूर्वीं इंग्रजांपासून धरलेल्या जहाजावर पडला, आग एकीवरून दुसरीवर गेली, आणि सगळें आरमार जळालें. ७० तोफांचें ‘केंट’ जहाज तेथें होतें खरें. पण त्याच्याशीं एकही गुराब समुद्रांत लढली नाहीं. जी लढलीच नाहीं, ती लढण्यांत कमी पडली असें कसें म्हणावें?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गुराबा मध्यम मापाच्या असाव्या, वाऱ्यावांचून निरुपयोगी अशीं मोठीं जहाजें नकोत, आणि प्रसंग पडल्यास जंजिऱ्याचा आश्रय घ्यावा, असें सांगितलें आहे. हा उपदेश शहाणपणाचा. पण पाठीमागची जमीन आपली आहे हें त्यांत गृहीत धरलें होतें. पेशवे व इंग्रज इ. स. १७५५ मध्यें एक झाले, तेव्हांच तें गृहीत खोटें पडलें. मग जो आश्रय तोच सांपळा झाला. विजयदुर्गास हरलें तें राजकारण. सुताराचें काम नव्हे.

म्हणून नातवास आम्हीं उत्तर दिलें तें असें : पाणी किती खोल, वारा कोणता, मागचा किल्ला कोणाच्या हातीं, हें सांग, मग गुण देऊं. संग्राहकांस एवढीच विनंती कीं, रुमाल सोडतांना लांकूड, खिळे, काथ्या, डांबर यांचे जमाखर्च नीरस म्हणून बाजूस टाकूं नयेत. ऑर्मच्या मापांस तोलून पाहणारा कांटा असल्याच कागदांत मिळावयाचा. आणि वाळवीला बखर व जमाखर्च यांतला भेद कळत नाहीं.