परिचर्या संशोधनातील मिश्र पद्धतीची गुणवत्ता : गडचिरोलीच्या दोन अभ्यासांच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना :
परिचर्येत रक्तदाब मोजता येतो. रुग्णाचा संकोच मोजता येत नाही. त्यामुळे संख्यात्मक व गुणात्मक पद्धतींचा एकत्रित अवलंब या विषयाला स्वाभाविक आहे. मात्र शंभर प्रश्नावल्यांना पाच मुलाखती जोडल्या की संशोधन मिश्र पद्धतीचे होते, हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

मूल्यमापनाचे निकष :
कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात विकसित झालेल्या ‘एमएमएटी’ या साधनाच्या २०१८च्या आवृत्तीत मिश्र पद्धतीसाठी पाच निकष आहेत : पद्धत निवडण्याचे सबळ कारण, दोन्ही अंगांची सांगड, त्या सांगडीतून काढलेला अर्थ, विसंगतींची दखल आणि प्रत्येक अंगाची स्वतंत्र गुणवत्ता. यांपैकी चौथा निकष दुर्लक्षिला जाऊ शकतो.

विवेचन :
डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. आजार आणि तक्रार यांतील ही तफावत आकडे दाखवितात, पण तिचा उलगडा करीत नाहीत. अंगावरून पांढरे जाण्याविषयी स्त्रियांच्या धारणा नोंदविणारा बंग दांपत्याचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा उलगडा अशा अभ्यासातच शोधावा लागतो.

येथे एक मर्यादा नमूद केली पाहिजे. दोन्ही अंगे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्याने त्यांची सांगड वाचकालाच घालावी लागते. निकष एकेका लेखास लावल्यास दोहोंपैकी एकही मिश्र पद्धतीचा ठरणार नाही. एकत्र वाचल्यास मात्र ते परस्परपूरक ठरतात. म्हणून मूल्यमापनाचे एकक सुटा लेख न मानता संपूर्ण संशोधनकार्य मानावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिवाय दोन गावांचे निष्कर्ष कोकणास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

निष्कर्ष :
हे अभ्यास परिचारिकांचे नाहीत. विषय मात्र उपकेंद्रातील परिचारिकेच्या नित्य कामाचा आहे. तिच्या नोंदवहीत केवळ सांगितलेली तक्रारच उतरत असेल, तर न सांगितलेला आजार अहवालातूनही निसटतो. वैभववाडीसारख्या तालुक्यात असे संशोधन हाती घेताना आकडे आणि कथने कोठे जुळली यापेक्षा कोठे जुळली नाहीत, हे आधी लिहावे. तेथेच संशोधनाची खरी कसोटी लागते.