सूक्ष्मजीव ते मानव : जीवशास्त्राच्या प्रवेशपुस्तकाचे कथनरूप

जीवशास्त्राच्या प्रवेशपुस्तकाची अनुक्रमणिका हा सहसा वाङ्मयीन चिकित्सेचा विषय होत नाही. सूक्ष्मजीवांपासून आरंभ, मग बुरशी, वनस्पती, अपृष्ठवंशी व पृष्ठवंशी प्राणी आणि शेवटच्या प्रकरणात मानवाची उत्क्रांती, हा क्रम विद्यार्थ्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो निसर्गाचाच क्रम आहे असे वाटू लागते. वस्तुतः तो निवेदनाचा क्रम आहे. जे आधी सांगितले जाते ते केवळ पूर्वतयारी ठरते, जे अखेरीस येते ते फलित ठरते. आणि पुस्तक ज्याच्यापाशी थांबते त्याच्यासाठीच हा सारा खटाटोप होता, असा ग्रह एकही चुकीचे विधान न करता वाचकाच्या मनात रुजतो. आशय शास्त्रशुद्ध, रूप मात्र त्या आशयाच्या विरोधात बोलणारे, अशी ही संहिता आहे.

हा क्रम अटळ नव्हता, याचा पुरावा या ग्रंथप्रकाराच्या आरंभकाळातच मिळतो. टॉमस हेन्री हक्सली आणि एच. एन. मार्टिन यांचे प्राथमिक जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांवरील पुस्तक १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टपासून निघून अमीबा, जीवाणू, बुरशी, नेचे, हायड्रा, गोड्या पाण्यातील शिंपला, क्रेफिश असे टप्पे घेत ते बेडकापाशी संपते. मानवाला त्यात प्रकरण नाही. पण शिडीची दिशा स्पष्ट आहे. १८८८ मध्ये हाउज आणि स्कॉट यांनी या पुस्तकाची सुधारित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा हा क्रम चक्क उलटा झाला. बेडूक आरंभी आला. हक्सलीने प्रस्तावनेत याचे कारण दिले आहे. साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणे तर्काला धरून असले, तरी विद्यार्थ्याला ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे सुकर पडते, असा त्याचा अध्यापनातील अनुभव होता. बेडकाला तोंड, पोट, पाय असतात. यीस्टच्या पेशीत नवख्या विद्यार्थ्याला ओळखीचे असे काहीच सापडत नाही. निसर्गात जे साधे ते शिकणाऱ्याला सोपे असेलच असे नाही, हा भेद येथे अधोरेखित होतो. ज्या लेखकाने १८६३ मध्ये मानवाचे निसर्गातील स्थान या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यानेच अनुक्रमणिका ही अध्यापनाची सोय आहे असे मान्य करावे, ही बाब लक्षणीय आहे.

या उलट्या क्रमाचे वाङ्मयीन पडसाद हक्सलीच्याच एका विद्यार्थ्याच्या लेखनात उमटले. एच. जी. वेल्स १८८४-८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे हक्सलीच्या वर्गात होता. त्याचे पहिले महत्त्वाचे पुस्तक कादंबरी नसून १८९३ चे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक होते, आणि त्याचा पहिला भाग सशापासून सुरू होतो. दोनच वर्षांनी आलेल्या 'द टाइम मशीन'ची मांडणी या पार्श्वभूमीवर वाचावी. प्रवासी भविष्यात जातो. पण वाटेत त्याला भेटणारे जीव पाठ्यपुस्तकाच्या उलट्या आवृत्तीप्रमाणे उतरत जातात. इ. स. ८०२७०१ मध्ये मानवाचे दोन खुजे वंशज, पुढे समुद्रकिनाऱ्यावरचे प्रचंड खेकडे, आणि शेवटी उथळ पाण्यात हलणारा, तंतू लोंबणारा एक गोलसर जीव. काळ पुढे सरकतो, अनुक्रमणिका मागे जाते. ई. रे लँकेस्टर याने १८८० मध्ये मांडलेल्या अवनतीच्या विचाराशी या कथेचे नाते समीक्षकांनी दाखवले आहे. तिच्या घटनाक्रमाचे अध्यापनक्रमाशी असलेले साम्य मात्र तितकेच बोलके आहे. १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये तर शिडीची दोन्ही टोके एकत्र बांधली जातात. पाण्याच्या थेंबातील जीव सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावेत तशी मानवजात न्याहाळली जात आहे, या कल्पनेने कादंबरी उघडते, आणि मंगळवासीयांचा नाश अखेर जीवाणूंच्या हातून होतो. शेवटच्या प्रकरणाचा नायक हतबल, पहिल्या प्रकरणातले जीव निर्णायक! पाठ्यपुस्तकाच्या रूपाची इतकी मार्मिक समीक्षा पाठ्यपुस्तकांच्या चर्चेत क्वचितच आढळेल.

उत्क्रांतिविचार आणि कथन यांच्या संबंधांवर तौलनिक अभ्यासात मोलाचे काम झालेले आहे. गिलियन बीअर यांच्या 'डार्विन्स प्लॉट्स' (१९८३) या ग्रंथाचा प्रभाव सर्वपरिचित आहे. मिशिया लँडाऊ यांनी १९९१ मध्ये मानवाच्या उगमाची शास्त्रीय वृत्तान्ते प्रॉपच्या लोककथामीमांसेच्या आधारे तपासली. झाडावरून उतरणारा वानर हा घर सोडणारा नायक, मेंदू वा हत्यार हे त्याला लाभणारे साहाय्य, आणि संस्कृती ही फलप्राप्ती, असा सांगाडा त्यांना आर्थर कीथ व ग्राफ्टन इलियट स्मिथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या लेखनात दिसला. विवेचन प्रभावी आहे; पण ते अखेरच्या प्रकरणापुरते आहे. नायक रंगमंचावर येण्यापूर्वी त्याच्या आगमनाची अपेक्षा निर्माण करणारी शंभर-दोनशे पाने असतात आणि खरे कथनकार्य तेथेच उरकलेले असते.

चित्रांनीही हेच केले. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात एकच आकृती आहे: फाटे फुटत जाणाऱ्या रेषा, अक्षरांनी दर्शवलेल्या जाती, कोठेही मानव नाही. हेकेलने १८७४ मध्ये तिच्या जागी भक्कम बुंध्याचा वृक्ष काढला. तळाशी 'मोनेरा', शेंड्यावर माणूस. फांद्या आहेत, पण त्या बुंध्याच्या बाजूला निघालेल्या आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जीवशास्त्राने या बुंध्याला फारसा आधार शिल्लक ठेवलेला नाही. कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधील आरएनएच्या तुलनेवरून आर्किया हा जीवाणूंहून वेगळा गट दाखवून दिला; १९९० मध्ये सजीवांची तीन अधिक्षेत्रे मांडली गेली. त्या मांडणीत प्राणी, वनस्पती आणि बुरशी या एकाच बाजूच्या शेजारशेजारच्या डहाळ्या ठरतात. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ पासून हिरीरीने मांडलेला, आणि आता सर्वमान्य झालेला सिद्धान्त असा की पेशीतील तंतुकणिका हे मूळचे स्वतंत्र जीवाणू होत. २०१६ च्या एका गणनेनुसार सत्तर किलो वजनाच्या मानवी शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. तेव्हा पहिले प्रकरण संपवून पुढे गेल्यावर मागे राहणारी ही मंडळी नव्हेत. रेषेत सांगणाऱ्या निवेदनाला हे सहअस्तित्व पेलत नाही.

रिचर्ड डॉकिन्स यांचा 'द अ‍ॅन्सेस्टर्स टेल' (२००४) हा या पेचातून वाट काढण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न. त्यांनी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'चा साचा घेऊन प्रवास मागे वळवला. मानव यात्रेला निघतो, वाटेत चिंपांझी मिळतो, मग गोरिला, आणि प्रत्येक संगमावर समान पूर्वज भेटत भेटत यात्रा जीवोत्पत्तीच्या कँटरबरीला पोहोचते. उलट जाताना शिखर उरत नाही, हा या रूपाचा मोठा लाभ. तथापि चॉसरचे यात्रेकरू बहुतांशी सदर्कच्या एकाच खाणावळीतून बरोबरीने निघतात, आणि उपलब्ध संहितेत ते कँटरबरीला पोहोचतच नाहीत. डॉकिन्स यांच्या यात्रेत इतर जीव मानवाच्या वाटेला येऊन मिळतात. कोणत्याही जीवाला आरंभस्थान मानता आले असते हे ते स्वतः नमूद करतात, पण पुस्तक लिहिले गेले ते मानवापासूनच. शेवटचे प्रकरण पहिले झाले, नायक तोच राहिला.

भारतात हे प्रश्न निराळ्या अंगाने तीव्र होतात. दशावतारांची उत्क्रांतीशी घातलेली सांगड, जी ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७ च्या ग्रंथातही आढळते, आकर्षक ठरली ती शिडीच्या साम्यामुळेच. शाखा आणि निवड यांना तेथे स्थान नाही. (वामनानंतरचे अवतार पूर्ण मानवरूप असल्याने साम्यही तेथेच आटोपते.) २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे प्रकरण 'आनुवंशिकता' एवढेच उरले, बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती राहिली. शास्त्रज्ञांनी याला जाहीर विरोध केला. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या विद्यार्थ्यापाशी मग काय उरले? जीवाणू खालचे, माणूस वरचा, ही शिडी त्याला लोकसमजुतीतून मिळालेलीच असते. ती मोडू शकणारे प्रकरण तेवढे त्याच्या हाती येत नाही.

मराठीपुरता आणखी एक अडसर संज्ञेतच आहे. बंगालीतील 'विवर्तन' हा शब्द रूपांतरापाशी थांबतो. मराठीतील 'उत्क्रांती'च्या 'उत्' या उपसर्गात मात्र वर जाणे अंतर्भूत आहे; संस्कृत वेदान्तग्रंथांत तर 'उत्क्रान्ति' म्हणजे प्राणाचे देह सोडून निघून जाणे. गुहेतील माशांचे डोळे गेले, पट्टकृमीचे आतडे नाहीसे झाले, हीही उत्क्रांतीच होय. पण मराठी वाक्यात ते लिहिताना लेखकाला 'च' वर जोर द्यावा लागतो, आणि वेल्सच्या त्या शेवटच्या किनाऱ्यावरील जीवासाठी अनुवादकाला 'अवक्रांती' असा दुसराच शब्द घडवावासा वाटतो.