पक्ष्यांचा नकाशा: करडा चौकोन, कोरा चौकोन

पर्यावरण व्यवस्थापनावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना हल्ली नागरिक विज्ञानाचा डेटा वापरायचा असतो. चांगलंच आहे. तो फुकट मिळतो, भरपूर असतो आणि जीआयएसमध्ये टाकला की नकाशा तयार! पण तो वाचायचा कसा, हे फारसं शिकवलं जात नाही. म्हणून आज ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३चा अहवाल आणि तो ज्या नोंदींवर उभा आहे तो ई-बर्डचा नकाशा, दोन्ही तपासून पाहू.

आधी श्रेय देऊ. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेतलाय. पद्धतही शिकण्यासारखी आहे. थव्यात किती पक्षी होते याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा येतो. त्यामुळे कल काढताना पक्षी किती दिसले यापेक्षा ती प्रजाती किती टक्के याद्यांमध्ये आली, हे पाहिलंय. त्यासाठी यादी ‘पूर्ण’ हवी, म्हणजे निरीक्षकाने ओळखलेली प्रत्येक प्रजाती तिच्यात हवी. तसं असेल तर यादीत नाव नसणं हीसुद्धा माहिती ठरते. लांब यादीत एखादी प्रजाती सापडण्याची शक्यता मुळातच जास्त असते, म्हणून यादीच्या लांबीचा परिणामही मॉडेलमध्ये हिशेबात धरलाय.

आता अडचण बघा. ‘भारतातले ६० टक्के पक्षी घटले’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. दीर्घकालीन कल काढता आला तो फक्त ३३८ प्रजातींचा. त्यातल्या २०४ घटल्या, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या ६०४ प्रजातींबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. अहवालात हे स्पष्ट आहे, पण उद्धृत करताना छेद गळून पडतो. तुमच्या प्रस्तावनेत तो गळू देऊ नका.

माझा मोठा आक्षेप मात्र नकाशावर आहे. ई-बर्डवर एखाद्या प्रजातीचा नकाशा उघडा. जांभळा चौकोन म्हणजे प्रजाती नोंदली गेली. करडा म्हणजे याद्या आल्या, पण त्यात ही प्रजाती नाही. रंगच नसेल तर तिथून यादीच आलेली नाही. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला हा फरक दाखवणं ही नकाशाची जमेची बाजू. पण एक दहा मिनिटांची यादी आलेला चौकोन आणि हजार याद्या आलेला चौकोन, दोन्ही सारखेच करडे दिसतात! जांभळ्याचंही तेच. गडद छटा वारंवारितेची असते, त्यामागे याद्या किती हे छटेवरून कळत नाही.

याने व्यवस्थापनात काय बिघडतं? भिगवणला हिवाळ्यातल्या रविवारी याद्यांचा पाऊस पडतो. मे महिन्यात मराठवाड्यातल्या एखाद्या माळरानावर कोण जातं? सरकारी दप्तरात अनेक माळरानं ‘पडीक’ म्हणून लागलेली असतात. तिथे प्रकल्प आला आणि कुणी करडा चौकोन पाहून ‘प्रजाती आढळत नाही’ असं लिहिलं, तर अपुरी पाहणी कागदोपत्री पुरावा बनते. आणि माळरानावरच्या पक्ष्यांची घट चिंताजनक असल्याचं हाच अहवाल सांगतो.

यावर उपाय नाही असं नाही. केरळ बर्ड ॲटलसमध्ये २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी काम केलं. पण कुठे जायचं हे त्यांनी आवडीने निवडलं नाही. राज्यावर जाळी टाकून जागा आधीच यादृच्छिकपणे ठरवल्या होत्या, आणि पाहणी कोरड्या व पावसाळी अशा दोन्ही हंगामांत झाली. माणसं हौशीच, पण आराखडा पक्का.

तुमच्याकडे एवढं मनुष्यबळ नसेल. तरी प्रजातीचा नकाशा काढण्याआधी प्रयत्नांचा नकाशा काढा: प्रत्येक चौकोनात किती पूर्ण याद्या, कोणत्या महिन्यांतल्या. किमान किती याद्या हव्यात हे विश्लेषणाआधी ठरवा आणि कारणासह लिहा. त्याहून कमी याद्या असलेल्या चौकोनांवर आडव्या रेघा मारून ‘माहिती अपुरी’ म्हणा. नकाशा ओबडधोबड दिसेल, गाईड कदाचित नाक मुरडतील. दिसू द्या. तुमच्या फिल्डवर्कला कुठे जायचं, याचं उत्तर त्या रेघांमध्येच आहे.