विकिपृष्ठांवरील पाठमांडणी : एक परीक्षण

जुने कागद छापून काढण्यास लागणारा खर्च व विलंब पाहतां, आपल्याजवळील पत्रें, पोथ्या व हिशेब विकिपृष्ठांवर चढवावे असें संग्राहकांच्या मनांत येणें साहजिक आहे. विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं प्रत्यक्षांत आणिली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. पूर्वप्रसिद्ध ग्रंथांच्या पाठासाठीं विकिस्रोत हें निराळें दालन आहे. आणि या सर्वांमागील मीडियाविकि ही यंत्रणा कोणत्याहि संस्थेस विनामूल्य घेऊन आपल्या संग्रहापुरती चालवितां येते. तिची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. येथें विचार करावयाचा तो एवढाच कीं, मजकूर, कोष्टकें व चित्रें मांडण्याची जी रीत तींत आहे, तींत जुन्या कागदाचा पुरावा कितपत टिकतो.

ही रीत थोडक्यांत अशी. मांडणीच्या खुणा मजकुरांतच लिहावयाच्या असतात. शब्दाच्या दोन्ही अंगांस दोन दोन एकेरी अवतरणचिन्हें घातलीं म्हणजे तो तिरपा होतो, तीन तीन घातलीं म्हणजे ठळक होतो. ओळीच्या आरंभीं व अंतीं बरोबरीच्या चिन्हांची जोडी घातली म्हणजे तिचा मथळा बनतो. पृष्ठ वाचकापुढें येतें तेव्हां या खुणा दिसत नाहींत, त्यांचें कार्य तेवढें दिसतें. पाणिनीय व्याकरण ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस येथें अनुबंधांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. इत्संज्ञक वर्णहि असाच आपलें काम करून लोप पावतो. परंतु कोणता वर्ण इत् आणि कोणता नव्हे, याचे नियम पाणिनीनें काटेकोरपणें सांगितले आहेत. विकीचे नियमहि लिहिलेले आहेत, पण ते इंग्रजी टंकलेखन डोळ्यांपुढें ठेवून केलेले असल्यामुळें आमच्या कागदांवरील जें चिन्ह खरोखर पाठाचें आहे त्याचीहि इत्संज्ञा होऊन बसते. आमचा मुख्य आक्षेप हाच.

याचें सर्वांत घातक उदाहरण हिशेबांत आढळतें. जुन्या जमाखर्चांत पाव, अर्धा व पाऊण हे अपूर्णांक एक, दोन व तीन उभ्या रेघांनीं दाखवीत. आतां विकीच्या कोष्टकांत घराचा आरंभ दाखविणारी खूण हीसुद्धां उभी रेघच! देवनागरी दंड व इंग्रजी कळफलकावरील उभी रेघ हीं यंत्राच्या दृष्टीनें दोन निरनिराळीं अक्षरें आहेत, पण डोळ्यांस तीं जवळजवळ सारखीं दिसतात. आणि दंड सांपडला नाहीं कीं नक्कल करणारा इंग्रजी रेघ ठोकून मोकळा होतो. घराच्या मध्यें अशी जोडरेघ आली तर तेथें घर तुटून पुढील आंकडे भलत्याच रकान्यांत जातात. हें निदान नजरेस येतें. एकटी रेघ आली तर याहून वाईट होतें. यंत्र तिच्या अलीकडील मजकूर घराच्या सजावटीविषयींची सूचना समजतें व तो दाखवीतच नाहीं. म्हणजे सव्वाचार रुपये लिहावयास जावें आणि त्यांतील चार रुपये नाहींसे व्हावे. कोष्टक वरून नीटनेटकें, आंत रक्कम गहाळ. तेरीज जुळवून पाहणारा कोणी भेटेपर्यंत ही गळती उघडकीस येत नाहीं. यास्तव हिशेबांत दंडाच्या जागीं दंडच लिहिला पाहिजे, यांत सवलत नको.

संशयित ओळीच्या आरंभीं तारका घातली तर ती लुप्त होऊन तिच्या जागीं यादीचा ठिपका येतो. लेखकानें ओळीच्या आरंभीं सोडलेली जागा दाखवावी म्हणून अंतर टाकलें तर ती ओळ निराळ्याच वळणाच्या अक्षरांत, चौकटींत जाऊन बसते. ओळींची गोष्ट याहून महत्त्वाची. मूळ पत्राप्रमाणें पुढील ओळ खालीं लिहिली तरी पृष्ठ ती मागील ओळीस जोडून टाकतें. मध्यें एक ओळ रिकामी ठेवली तरच परिच्छेद तुटतो. मोडींत शब्द तोडून लिहीत नसल्यामुळें ओळ कोठें संपली हें कळणें वाचनासहि उपयोगी असतें, आणि नकलेंत ओळ गळली आहे कीं काय हें ठरवितांना तर तोच मोठा आधार. कवितेसाठीं केलेली 'पोएम' नांवाची खूण पत्राच्या मागेंपुढें घातली असतां ओळी जशाच्या तशा राहतात. नांवास भिऊन ती टाळूं नये.

कोष्टकांचा मोह पोथ्यांच्या बाबतींतहि पडतो. त्रिपाठ पोथींत मूळ मधोमध असून टीका वर व खालीं असते; पंचपाठांत ती दोन्ही समासांतहि उतरते. ही रचना साधण्यासाठीं तीन अथवा पांच घरांचें कोष्टक काढलें तर दिसण्यास तें पोथीसारखें दिसेल खरें. पण अंध वाचकास पृष्ठ वाचून दाखविणारें यंत्र घरें क्रमानें वाचतें, म्हणजे आधीं अर्धी टीका, मग मूळ, मग उरलेली टीका! त्यापेक्षां मूळ व टीका सरळ क्रमानें द्यावी, पोथी त्रिपाठ असल्याचें नमूद करावें, आणि रचना दाखविण्याचें काम पानाच्या चित्रावर सोंपवावें. कोष्टक शकावलीस शोभतें. तेथेंहि रकाना क्रमानें लावण्याची सोय अक्षरांवर चालते हें विसरूं नये. महिना आधीं लिहिला असेल तर आषाढ चैत्राच्या आधीं येऊन बसेल. प्रत्येक घरास क्रमासाठीं निराळें, न दिसणारें मूल्य देतां येतें, तें द्यावें.

चित्रांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. लहान चित्रासाठीं मराठीकरांनीं 'इवलेसे' हा शब्द योजिला आहे, तो आम्हांस फार आवडला. परंतु इवलेशा चित्रांत हातभर लांबीचा कागद व बोटाएवढें नाणें एकाच मापाचें दिसतें. म्हणून छायाचित्र घेतांनाच मोजपट्टी ठेवावी, व कडा कापूं नयेत. मुद्रा पत्राच्या माथ्यावर आहे कीं अखेरीस, यावर खरेपणाचा निर्णय पुष्कळदां अवलंबून असतो. कापलेल्या चित्रांत तीच माहिती जाते.

मांडणी ही केवळ शोभा नव्हे हें भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तीनें पूर्वींच दाखविलें आहे. सुखटणकरांनीं जेथें पाठ कमी निश्चित वाटला तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली. ती रेघ म्हणजे संपादकाची कबुली. तशी रेघ विकिपृष्ठावर साचा करून देतां येते. तशी योजना मात्र आधीं ठरवून सर्वांनीं पाळली पाहिजे. नाहींतर एकाचें तिरपें अक्षर संशय दाखवील, दुसऱ्याचें पुरवणी, आणि तिसऱ्याचें केवळ हौस.

आतां विकीच्या पारड्यांत जें पडतें तेंहि सांगितलें पाहिजे. विकिस्रोतांत पानाचें चित्र व त्याचा पाठ शेजारीं शेजारीं असतात. एकानें तपासलेलें पान पिवळें व दुसऱ्यानें पुन्हा तपासलेलें हिरवें दाखविलें जातें. असा उघड हिशेब कोणत्याहि छापील खंडानें दिलेला नाहीं. शिवाय प्रत्येक पृष्ठाचा 'इतिहास' जतन होतो. कोणीं केव्हां कोणतें अक्षर बदललें हें पाहतां येतें. पाठभेद जुळविण्यांत ज्यांनीं वर्षें घालविलीं त्यांस याची किंमत सांगावयास नको. त्या बदलाचें कारण लिहिण्यास एक लहानशी जागा दिलेली असते, ती पुष्कळजण रिकामी ठेवतात किंवा तींत 'दुरुस्ती' एवढेंच लिहितात. तेथें 'हरताळ लावलेल्या जागीं खालचा नकार दिसतो, म्हणून पाठ बदलला' अशा प्रकारें लिहावें, व कागद कोणीं प्रत्यक्ष पाहिला आणि कोणीं केवळ चित्रावरून वाचला, हेंहि तेथेंच नोंदवावें.